दोनशे बाराची पाहणी

यादी लागली त्या दिवशी कडूबाई कापसात खुरपत होती. भादव्याचं ऊन चटचटत होतं, पण आदल्या आठवड्यातल्या पावसाची ओल अजून मातीत होती आणि तणाला ऊत आला होता. हरळी, घोळ, केना, काय म्हणाल ते. कापूस कमरेला लागला होता, त्यानं पाती धरली होती, मधूनच एखादं पिवळं फूल दिसत होतं. कोरडेवाडीच्या माळाला असं साल तीन-चार वर्षांतून एकदा दिसतं, आणि दिसलं की बाया खुरपं खाली ठेवायला तयार होत नाहीत.

"कडू, आगं ठिव ते खुरपं!" शेजारच्या बांधावरून मच्छिंद्र म्हातारा ओरडला. "पंचायतीत कापसाची यादी लागलीय. समद्या गावाची नावं हायती."

"माझं कशाला आसंल, मामा?"

"का? तू काय कापूस लावीत न्हाईस व्हय?"

कडूबाई नुसती हसली. पण तिनं खुरपं पाटीत टाकलं, हात पदराला पुसले आणि पायवाटेला लागली.

गेल्या खरिपात ज्यांनी कापूस लावला होता आणि मोबाईलवर त्याची पाहणी नोंदवली होती, त्यांना सरकार हेक्टरी काहीबाही अनुदान देणार होतं. कोणाला किती, ते सगळ्या गावाला कळावं म्हणून यादी भिंतीवर लावलेली. आता ही मोबाईलवरची पाहणी म्हणजे कडूबाईचा प्रांत. तीन वर्षांपूर्वी ती सुरू झाली तेव्हा गावातले बाप्ये मोबाईल उलटासुलटा करीत उन्हात उभे राहायचे आणि तलाठ्याला शिव्या घालायचे. कडूबाई सातवी शिकलेली. तिची लेक धनश्री नेवाशाकडं दिलेली. तिनं फोनवरून एकदा सांगितलं तसं हिनं बरोबर केलं. गट नंबर निवडायचा, खातेदाराचं नाव निवडायचं, पीक, पेरणीची तारीख, मग रानात मधोमध उभं राहून फोटो काढायचा, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' याच्यापुढच्या चौकटीत खूण करायची. बांधाबाहेरून फोटो घेतला की ते यंत्र पुढंच जात नाही, हे गावाला तिनंच शिकवलं. पुढं पुढं मच्छिंद्रासारखे चार म्हातारे मोबाईल घेऊन तिच्या दारात यायला लागले, आणि तीही पदर खोचून ज्याच्या त्याच्या रानात जाऊन फोटो काढून द्यायची. नवरा गेल्यापासून गावानं तिला कशासाठी म्हणून विचारलं असेल तर ते एवढ्याचसाठी.

यादीपुढं पंधरा-वीस माणसं. कोणीतरी बोट फिरवीत मोठ्यानं वाचत होतं.

"गट नंबर दोनशे बारा. रंगनाथ सखाराम गर्जे. कापूस, दोन हेक्टर."

"आयला, रंगनाथ आबाचा पाच एकर कापूस!"

"आरं, आर्धा तर कडूचा हाय."

"कडूचा आसंल तर यादीत कडूचं नाव कुटंय?"

लोक हसले. मागं कडूबाई उभी आहे हे कळल्यावर दोघं-चौघं गप्प झाले, बाकीचे हसतच राहिले. गाव म्हणजे गावच.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. जमीन सासऱ्याची. सासरा गेला तेव्हा तिचा नवरा कानिफनाथ ऊसतोडीला फडावर होता, म्हणून वारसात एकट्या थोरल्याचं, रंगनाथचं नाव लागलं. कानिफनाथ आल्यावर दोघा भावांनी मच्छिंद्राला मधे घेऊन रान पावलांनी मोजलं, मधे दगड रोवला, आणि अर्धं अर्धं करून घेतलं. कागद करू म्हणून कोणी बोललंसुद्धा नाही. भावाभावांत कागद केला की गाव समजतं, यांच्यात फाटलं. दोघांत फाटलेलं नव्हतं, म्हणून कागद केला नाही. एवढी साधी गोष्ट होती ती, आणि तीच नडली.

पाच वर्षांपूर्वी कानिफनाथ फडावरच ट्रॉलीखाली सापडून गेला. तेव्हापासून दगडाच्या अलीकडचं अडीच एकर कडूबाई एकटी करीत होती. पाहणी करताना खातेदाराच्या रकान्यात एकच नाव दिसायचं, रंगनाथ सखाराम. दुसरं कोणतं नाव टाकायची सोयच नाही. ती तेच नाव दाबायची. त्याच नावावर तिनं तीन वर्षं आपल्या कापसाचे फोटो सरकारकडं पाठवले. घरातलंच नाव म्हणून तिला कधी काही वाटलं नाही. पण आज ते नाव भिंतीवर, चार लोकांत, कोणीतरी मोठ्यानं वाचलं, आणि आपण इथं कोणीच नाही हे तिला पहिल्यांदा कळलं.

यादीच्या तळाला लिहिलं होतं, कोणाची हरकत असल्यास सोमवारच्या ग्रामसभेत सांगावी.

आता थोरल्याला जाऊन सरळ विचारावं, तर ते जमण्यातलं नव्हतं. गर्ज्यांच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. समोर आला की पदर नाकापर्यंत ओढून बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असेल तर ते जावेला सांगायचं, नाहीतर बैलाला, नाहीतर भिंतीला. "बैलांनी पानी पिलं न्हाई म्हनावं," असं ती म्हणायची, आणि पलीकडून रंगनाथ म्हणायचा, "पाजतो म्हनावं." बैल मधे उभे राहून रवंथ करीत. बत्तीस वर्षं असंच चाललं, आणि सुरळीत चाललं. रंगनाथचा मुलगा अमृत चालायला लागल्यावर तर काम आणखी सोपं झालं. तो इकडून तिकडं निरोप न्यायचा, बोबड्या बोलांनी, शब्दाला शब्द. घरात त्याचं कौतुक होतं.

कडूबाई घरी गेली नाही. तडक जावेच्या ओसरीवर गेली. बनुबाई तांदूळ निवडत होती.

"आक्का, यादी बघितली."

"व्हय, अमृत सांगत हुता. तुमच्या वाटचे पैशे तुमाला मिळत्याल, काळजी नका करू."

"पैशाचं न्हाई, आक्का. माझं नाव लावायचं कवा?"

बनुबाईचे हात थांबले. "ते बापय मानसांचं काम. मला काय कळतं त्यातलं?"

"थोरल्यास्नी इचारा. आत्ता इचारा. हाईत ना घरात?"

रंगनाथ आतल्या खोलीत होता, त्याचा खोकला ऐकू येत होता. बनुबाई उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली.

"अमृतला येऊ द्या," ती म्हणाली. "त्यो इचारंल."

संध्याकाळी दिवेलागणीआधी अमृत आला. तिशीचा, गावात ट्रॅक्टर चालवणारा, बोलायला गोड. काकूच्या दारातल्या दगडावर बसला, पाणी मागून प्यायला.

"काकू, आबा म्हनले, पाडव्याला नाव लावू."

"मागल्या पाडव्यालाबी हेच म्हनले हुते. त्याच्या आदल्याबी."

"त्यांची तब्येत तुमी बघताच. तालुक्याला हेलपाटे मारायचं वय हाय का ते? होईल सगळं. फकस्त सोमवारी हरकत-बिरकत काय घिऊ नका. घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. लोक टपून बसल्यात."

"हे तू म्हनतूस का थोरले म्हनत्यात?"

अमृत हसला. "आबाच म्हनत्यात, काकू. म्या नुसता निरोप्या."

तो गेला. कडूबाई चुलीपुढं बसून राहिली. दरसाल पाडवा, आणि पाडव्याच्या पुढं पुढचा पाडवा. थोरला माणूस खोटं बोलणारा नव्हता. कानिफनाथच्या तेराव्याला तो लहान मुलासारखा रडला होता. मग तो दरसाल आपल्याला पाडव्यावर का ढकलतो, हे तिला उमगत नव्हतं, आणि जाऊन विचारायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मच्छिंद्राकडं गेली. वाटणी झाली तेव्हा मधे असलेला तोच एक माणूस आता जिवंत होता.

"मामा, सोमवारी एवढंच सांगा. दगड कोनी रवला, कवा रवला."

मच्छिंद्रानं बराच वेळ विडी विझवण्यात घालवला. "कडू, खोटं न्हाई सांगत. माझ्या तुरीला पानी रंगनाथच्या हिरीतनं येतं. अमृतनं मोटार बंद केली तर म्या काय करू?"

"म्या तुमच्या रानाचे फोटू काडले, मामा. तीन सालं."

"काडलेस. उपकार हायती तुझे." तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "पन पानी त्यांचं हाय."

सोमवारी अकरा वाजता पंचायतीच्या पत्र्याखाली ग्रामसभा भरली. सरपंच छगन मधे, शेजारी तलाठीबाई. नगरकडची, नवी, तोंडावर घाम, पुढ्यात लॅपटॉप. पुढच्या खुर्च्यांवर गावातली जाणती माणसं, त्यांत रंगनाथ, धोतर, डोक्याला फेटा, हातात काठी. त्याच्या मागं अमृत. बाया सगळ्यात मागं, खांबाशी. कडूबाई नाकापर्यंत पदर ओढून बसली होती.

नावं वाचून होत होती. कोणाची हरकत नव्हती. सगळ्यांना जेवायला जायची घाई.

"गट नंबर दोनशे बारा. रंगनाथ सखाराम गर्जे. कापूस, दोन हेक्टर. हरकत?"

"हाय," कडूबाई म्हणाली.

सगळ्या माना मागं वळल्या. अमृतचीही वळली. रंगनाथ तेवढा समोर बघत राहिला.

"कोण बोललं? उभ्या राहा," तलाठीबाई म्हणाली.

"म्या. कडूबाई कानिफनाथ गर्जे. त्यातला आडीच एकर कापूस माझा हाय."

तलाठीबाईनं लॅपटॉपवर काहीतरी शोधलं. "मावशी, इथं तीन वर्षांची पाहणी आहे. तिन्ही वर्षं कापूस, रंगनाथ गर्जे. फोटोसुद्धा आहेत, चांगले आहेत. पाहणी कोणी केली होती?"

"म्याच."

"तुम्ही स्वतः?"

"व्हय. रानात उभी ऱ्हाऊन."

"आणि शेवटी खूण केलीत ना, वरील माहिती खरी आहे म्हणून?"

"केली."

तलाठीबाईनं डोक्याला हात लावला. ती काही वाईट बाई नव्हती. "अहो, मग तीन वर्षं तुम्हीच सरकारला सांगताय की हा कापूस रंगनाथ गर्ज्यांचा आहे. मी आता त्याच्यावर काय लिहू?"

पुढच्या खुर्च्यांत हशा पिकला. ज्यांच्या रानातले फोटो तिनं काढून दिले होते, तेही त्यात होते.

"दुसरं नावच लागत न्हाई तितं," कडूबाई म्हणाली. ती खाली बसली नाही. "म्होरं जातच न्हाई ते. म्हनून तर म्हनते, माझं नाव लावा."

"नाव लावायचं तर खातेदाराची संमती लागते. हजर आहेत ना? बोला गर्जे, तुमचं काय म्हणणं?"

रंगनाथ काठीवर भार देऊन उठला. सत्तरीचा माणूस, गुडघे बोलायचे त्याचे. "कापूस तिचाच हाय," तो सरळ म्हणाला. "त्यात खोटं न्हाई. पैशे तिचे तिला देतो म्या."

"आणि जमीन?"

रंगनाथनं उत्तर द्यायच्या आधी अमृत पुढं आला. "म्याडम, ती आबांची न्हाई आता. तुमच्या म्होरंच हाय की, बघा."

तलाठीबाईनं पडद्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "हो. चैत्रात बक्षीसपत्र झालंय. पूर्ण गट. यादी गेल्या खरिपाची आहे म्हणून रंगनाथ दिसतायत. आता खातेदार अमृत रंगनाथ गर्जे."

कडूबाईला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ज्या माणसाकडं आपण नाव मागत होतो, त्याच्याकडं द्यायला काही उरलेलंच नव्हतं. चैत्रात, म्हणजे तिनं शेणखत टाकून रान तयार केलं तेव्हा. त्यानंतर तिनं ज्या जमिनीत सरकी टोकली, ती जमीन तिची तर नव्हतीच, थोरल्याचीही नव्हती.

आणि मग तिनं ते केलं, जे गर्ज्यांच्या घरात कोणत्याही धाकट्या सुनेनं केलं नव्हतं. पदर मागं सारला आणि थोरल्या दिराकडं सरळ बघितलं.

"आबा, माझं रानबी देऊन टाकलं व्हय तुमी?"

रंगनाथ दचकला. बत्तीस वर्षांत तिचा आवाज असा थेट आपल्यावर आलेला त्यानं ऐकला नव्हता. तो गोंधळला, आणि तलाठीबाईकडं वळून म्हणाला, "तिला म्हनावं, तूच तर निरोप धाडला हुता."

"त्या समोर उभ्या आहेत," तलाठीबाई म्हणाली. "त्यांनाच सांगा."

गावात दीडशे माणसांपुढं म्हाताऱ्याला भावजयीकडं तोंड करून बोलायचं होतं, आणि ते त्याला फार जड जात होतं.

"तूच म्हनलीस," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "का माझं रान अमृतच्या नावावर करा. मला ल्योक न्हाई, म्हातारपनी त्योच बघंल. दोन डाव निरोप आला तुझा."

"म्या?"

"तू."

"कोनापाशी धाडला, आबा?"

रंगनाथनं मान वर केली.

"आन् तुमी मला दरसाल सांगून धाडता, पाडव्याला नाव लावू, पाडव्याला नाव लावू."

"म्या कवाच आसं बोललो न्हाई," रंगनाथ हळूच म्हणाला. मग तो मागं वळला. मुलाकडं बघत राहिला.

पण अमृत घाबरून जाणाऱ्यांतला नव्हता. "मंग काय रान काकूच्या जावयाला द्यायचं हुतं?" तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नेवाशाचा मानूस येऊन गर्ज्यांच्या गटात नांगर घालंल, चाललं आसतं तुमाला? सांगा की समद्यांनी!"

पुढच्या खुर्च्यांतल्या दोन-तीन माना हलल्या, आणि त्या कोणत्या बाजूनं हलल्या ते कडूबाईनं बघितलं. तिला त्याचा राग अमृतच्या लबाडीपेक्षा जास्त आला. लबाडी एकट्याची होती, माना गावाच्या होत्या.

तलाठीबाईनं हरकत लिहून घेतली आणि वाचून दाखवली. अनुदान यादीप्रमाणं रंगनाथच्या नावावर जाणार होतं, कारण पाहणी त्याच्या नावाची होती आणि पाहणी करणारीच हरकत घेत होती. बाकी जमिनीची बाब दिवाणी, कोर्टात जावं. "आणि मावशी," ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "यंदाच्या कापसाची पाहणी राहिलीय तुमची. रविवार शेवटचा. ती झाली नाही तर सरकारी खरेदीत तुमचा कापूस कोणी घेणार नाही. नाव मात्र अमृतचंच येईल."

दोन दिवस रंगनाथ घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत टेकत दगडापर्यंत आला आणि बांधावर बसला. कडूबाई खुरपत होती. तिनं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. मग तो बोलला, आणि मधे ना बैल होता ना भिंत.

"त्यानं आसं केलंय, मला म्हाईत न्हवतं."

"आसंल."

"तू एकदाबी कवा बोलली न्हाईस."

"तुमी एकदाबी इचारलं न्हाई."

"आपल्यात रीत न्हाई तशी."

"न्हाई खरी," कडूबाई म्हणाली आणि हरळीची एक लांबलचक मुळी ओढून काढली. "तुमाला दुकानातली तंबाकू पायजे आसली तर आख्ख्या गावातनं तुमी सोता चालत जाता, आबा. माझं रान द्यायचं हुतं तर माझ्या दारापातूर का न्हाई आला?"

रंगनाथनं काठी मांडीवर आडवी घेतली. "कोर्टात म्या खरं सांगीन," तो म्हणाला.

"कोर्टाला धा सालं लागत्याल. तवर तुमी हायसा का?"

खरं म्हणजे तिलाही असं बोलायचं नव्हतं, पण बत्तीस वर्षं तोंडात अडकलेलं एकदा सुटलं की मग ते तोलूनमापून बाहेर पडत नाही.

"म्या तरी कुटं जाऊ?" म्हातारा शेवटी म्हणाला. "आता म्याबी त्याच्याच रानात बसलोय."

तेही खरंच होतं. बक्षीसपत्रावर अंगठा दिल्यापासून रंगनाथ गर्जेही बिनजमिनीचा झाला होता. त्याला ते तिथं, बांधावर बसल्यावर कळलं.

त्यानंतर तो रोज यायला लागला. बोलणं फार नाही. कधी उपटलेलं तण गोळा करून बांधाला टाकायचा. बनुबाई एकदा बोलवायला आली, तर त्यानं नुसता हात हलवला.

रविवार उजाडला. कडूबाई कापसात मधोमध उभी राहिली आणि तिनं मोबाईल उघडला. गट नंबर दोनशे बारा. खातेदार, अमृत रंगनाथ गर्जे. पीक, कापूस. पेरणीची तारीख. पुढं फोटो, आणि फोटोनंतर ती चौकट. केलं तर चौथ्या सालाचा पुरावा आपल्याच हातानं त्याच्या घरात टाकायचा. नाही केलं तर सरकारच्या लेखी हा कापूसच नाही, खरेदी केंद्राचं दार बंद. तिनं दोनदा मोबाईल बंद केला, दोनदा उघडला. तिसऱ्यांदा बंद करून कमरेला खोचला, आणि खाली बसून खुरपायला लागली.

दुपारी अमृत मोटारसायकलवरून आला. त्यालाही तारीख ठाऊक होती. मोबाईल हातात काढूनच तो बांधाकडं चालत आला. आजूबाजूच्या रानांत बाया होत्या, मच्छिंद्र होता, सगळ्यांचे हात थांबले.

"आबा, उठा बरं," अमृत म्हणाला. "एक फोटू काडायचाय, दोन मिनिटांचं काम."

रंगनाथ पायवाटेवर आडवा बसला होता. तो उठला नाही.

"तिला इचार," तो म्हणाला.

"काय इचारायचं? माझा गट हाय."

"तिला इचार. रानात यिऊ का, म्हनून इचार. तिच्याकडं तोंड करून. म्या ऐकतोय हितं बसून. ती काय म्हनती ते मला येऊन सांगू नगंस."

अमृतनं इकडंतिकडं बघितलं. सगळ्या बाया बघत होत्या. बापाला ओलांडून जाणं काही अवघड नव्हतं, एक टांग टाकली की झालं. पण चार लोकांत जिवंत बापाला ओलांडायचं म्हणजे त्याच्यासारख्यालाही जड होतं.

"काकू," तो म्हणाला, पूर्वीचा गोडवा आवाजात आणायचा प्रयत्न करीत, "फोटू काडू ना? तुमचाच फायदा हाय. केंद्रावर भाव मिळंल."

कडूबाई उभी राहिली. "न्हाई," ती म्हणाली.

"याड लागलंय का? कापूस मातीमोल जाईल!"

"जाऊ दे."

"औंदाचा येचून घ्या मंग," अमृत म्हणाला, आणि आता गोडवा पार गेला होता. "पुडल्या खरिपाला ह्या रानात ट्रॅक्टर माझा फिरंल. तवा कोन आडवं बसतंय ते बघू."

मोटारसायकल धूळ उडवीत गेली. तो पुढच्या खरिपाला तसं करणार, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कडूबाईलाही होतं.

त्या साली गट नंबर दोनशे बारात दगडाच्या अलीकडं सरकारी दप्तराप्रमाणं काहीच पिकलं नाही. प्रत्यक्षात कापूस असा फुटला, की कार्तिकात रान पांढरंधोप झालं. कडूबाईनं तो तीन वेचण्यांत घरात आणला. रंगनाथ ओटीला लावलेल्या फडक्यात जमेल तेवढा वेचायचा, आणि पाठ धरली की बांधावर बसायचा. केंद्रावर काही तो नेता आला नाही. गावोगाव फिरणारा टेम्पोवाला व्यापारी आला, त्यानं पाडून भाव सांगितला, आणि कडूबाईनं तो कबूल केला, कारण दुसरा इलाज नव्हता.

गठोडी टेम्पोत चढली. व्यापाऱ्यानं पावती फाडायला पेन काढलं.

"नाव काय लिहू, मावशी?"

"कडूबाई कानिफनाथ गर्जे."

त्यानं लिहिलं. कोणाची संमती विचारली नाही, की सातबारा मागितला नाही.

"गट नंबरबी लिवा."

"गट नंबर कशाला? मला काय करायचाय गट नंबर?"

"लिवा," कडूबाई म्हणाली. "दोनशे बारा."

व्यापाऱ्यानं शेजारी उभ्या रंगनाथकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग त्यानं नावाच्या खाली आकडा लिहिला, कागद फाडून तिच्या हातात दिला आणि टेम्पो चालू केला.